ओटीवर येणारी लाट

काकूंच्या घरातून समुद्र दिसत नाही. हे मी आज बिनधास्त लिहिते, कारण त्यांनी स्वतःच ते भर दुकानात, चारचौघांसमोर कबूल केलेलं आहे. त्याआधी हेच वाक्य त्यांच्या फाटकाच्या आत कोणी उच्चारलं असतं, तर त्याला चहासुद्धा मिळाला नसता.

रेवदंड्याला मी त्यांच्या माडीवरच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होते. फाटकावर निळ्या अक्षरांत पाटी होती, 'सागर दर्शन. राहण्याची व जेवणाची घरगुती सोय.' आत शिरलं की नारळ, पोफळी, विहीर, जायफळाचं एक जुनं झाड, झाडाखाली झोपलेलं मांजर. सागर तेवढा नाही. तो होता, पण वाडीमागचा दगडी गडगा, मग गल्ली, मग मासळी वाळत घातलेलं मैदान, मग सुरूचं बन, आणि मग कुठे तो. पुण्याकडचे पाहुणे बॅगा टेकवून पहिला प्रश्न तोच विचारायचे, "काकू, समुद्र कुठाय?"

काकू त्यांना माडीवर न्यायच्या, पश्चिमेच्या कोपऱ्यात उभं करायच्या आणि ओठांवर बोट ठेवायच्या. "ऐका." पाहुणे बिचारे श्वास रोखून ऐकायचे. वारं पडलेलं असलं तर गाज येई. "आला ना ऐकू? मग झालं तर! ऐकू आला म्हणजे दिसल्यातच जमा." एवढं बोलून त्या घावन घालायला स्वयंपाकघरात पळायच्या. त्या घावनांपुढे कोणी पुन्हा समुद्राचं नाव काढलं नाही.

बाई खोटारडी नव्हती हं. कोणी तसं म्हणून तर बघा, मी भांडायला येईन. बाकी सगळ्या व्यवहारात सरळ सुतासारखी. फक्त समुद्राचा विषय निघाला की तिचा तोल सुटायचा. घराला पाहुणे जोडले जात तसा समुद्र जवळ येत जायचा. "पायाशी आहे हो अगदी," हे नेहमीचं. फार आवडत्या माणसाला, "भरतीला लाट ओटीवर येते."

नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न, "गाव कोणतं?" उत्तर ऐकून त्या माणसाची तिथल्या तिथे वर्गवारी व्हायची. समुद्र असलेला आणि समुद्र नसलेला. नसलेल्याविषयी त्यांना खरोखरच वाईट वाटायचं. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला माणूस बीडकडचा निघाला तेव्हा त्याला त्यांनी बसवून सोलकढी पाजली. "कोरड्या गावचा आहे गं, बिच्चारा," मला आत येऊन हळूच म्हणाल्या. त्याला रेवदंड्यात राहून बरीच वर्षं झाली होती, पण ते त्यांच्या लेखी जमेला धरायचं नव्हतं.

दुसरी त्यांची ओळख म्हणजे नारळाचा कायदा. वाडीतला नारळ विकत नेला आणि कुजका निघाला, तर फुटलेला नारळ आणून दाखवायचा आणि दुसरा न्यायचा. ठेवला कुठे होता, उन्हात होता का, कधी नेला होतात, असला एकही सवाल नाही. एकदा चौलकडचा एक गृहस्थ कुजका नारळ घेऊन आला. मी ओटीवरच होते. नारळ एवढासा, शेंडी वेगळीच. आंधळ्यालाही कळलं असतं की हा आमच्या वाडीतला नाही. काकूंनी मुकाट्याने दुसरा काढून दिला. तो गेल्यावर मी फणकारले, "काकू, आपला नव्हता तो!"

"माहित्ये मला."

"मग दिलात कशाला?"

"अगं, कुजका नारळ घेऊन माणूस आपल्या दारी आला. ज्याच्याकडून घेतला त्याच्या दारी का नाही गेला? तिथे दाद लागत नसणार म्हणून. मग आपली अब्रू मोठी का नारळ मोठा?"

मी त्यांच्याकडे आले कशी, तेही सांगायला हवं. सासर सोडून मी माणगावला दादाकडे आले होते. का सोडलं ते सोडा. हायवेला दादाचं हार्डवेअरचं दुकान आहे. दादा माणूस लाखातला, पण शेजारच्या मावशींनी पहिल्याच दिवशी कुंपणावरून विचारलं, "काय गो, परत आलीस?" दादाच्या दुकानात गळका नळ परत आला की गिऱ्हाईक जसं बोलतं, अगदी त्या सुरात. मला त्या घरात राहवेना. परदेशातल्या मराठी घरांतल्या मुलांना इंटरनेटवरून मराठी शिकवायचं असं मी ठरवलं आणि पाटल्या मोडून लॅपटॉप घेतला. दादा म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघ. जमलं तर आनंद आहे. नाही जमलं तर मुकाट्याने यायचं आणि आपल्या काउंटरवर बसायचं. तिकडे परक्या गावात हाल काढायचे नाहीत." मी कबूल झाले. करते काय?

शिकवणी जमली हो. दुबई, सिडनी, अमेरिकेतलं कुठलं कुठलं गाव, अशी पोरं जमली. इंटरनेट फक्त ओटीवर नीट मिळायचं, म्हणून माझी शाळा ओटीवर. सकाळी अमेरिका, दुपारी सिडनी, संध्याकाळी दुबई. पोरं 'ळ' म्हणायला लागली की काकू पोफळीखालून ओरडायच्या, "जीभ वळव रे सोन्या!" आणि तिकडे सातासमुद्रापलीकडे सोन्या जीभ वळवायचा. काकू मला मास्तरीणबाई म्हणू लागल्या. ज्याला त्याला सांगायच्या, "आमच्या ओटीवर शाळा भरते."

आणि मग लॅपटॉपने दगा दिला. कंपनीचं नाव घेत नाही, सकाळच्या वेळी तोंड कशाला विटाळा. पोरं 'बाळ, फळ, केळं' म्हणत असताना पडद्यावर हिरव्या रेघा यायच्या आणि मग ठार काळोख. सिडनीच्या एका चिमुरडीला वाटलं, आपला 'ळ' चुकला म्हणून बाई रागावून निघून गेल्या. रडली पोर. तिच्या आईने शिकवणी बंद केली. मग आणखी एक गेला. दिवाळी जवळ येत होती आणि मला डोळ्यांसमोर दादाचं काउंटर दिसत होतं, खिळ्यांच्या डब्यांसकट.

कंपनीला फोन केले. माझा स्वभाव मुळात तापट, त्यात ती माणसं. "मॅम, एक बार बंद करके चालू कीजिए." कितव्यांदा तरी हे ऐकल्यावर मी म्हटलं, "तुझी कंपनीच एकदा बंद करून चालू कर." त्याने फोन ठेवला. मग लॅपटॉप पनवेलच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन दिला. तो तसाच परत आला, वर चिठ्ठी, दोष आढळला नाही. ओटीवर आणून उघडला तर पुन्हा रेघा. मी कपाळावर हात मारून बसले.

काकू म्हणाल्या, "दे इकडे तो फोन. तुझ्या जिभेला धार फार."

तेव्हापासून तक्रारीचं खातं काकूंकडे गेलं. सकाळी विहिरीच्या कट्ट्यावर फोन स्पीकरवर ठेवायच्या आणि वाडीचं शिपणं सुरू करायच्या. तिकडून पेटीसारखं संगीत वाजायचं. "वाजू दे. पोफळींना गाणं लागतंच." मधेच यंत्रातली बाई बोलायची, आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है. काकू पाण्याचा पाट वळवता वळवता ओरडायच्या, "मग उचल की मेले!"

आणि माणूस आला की आवाजात साखर. तक्रार क्रमांक वगैरे त्यांना काही ठाऊक नव्हतं. "बेटा, जेवा क्या? गाव कौनसा तुम्हारा?" तो पोरगा कुठला तरी, पाटण्याकडचा. "समुद्र है क्या उधर? नहीं? अरेरेरे!" मग पुढचं ओघाने आलंच. "हमारे इधर आव एक बार. बायको को लेके आव. समुद्र एकदम पाय के पास है. भरती आया ना, तो लाट ओटी पे आता है! हमारा मास्तरीण उधर ही बैठके शिकवता है, लाट के बाजू में." पोरगा खूश झाला. म्हणाला, "माताजी, आपकी बात मैंने नोट कर ली है." काकू फोन ठेवून मला म्हणाल्या, "बघितलंस? गोड बोललं की काम होतं."

मी तिथेच बसून शेंगा सोलत होते. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे पाहुण्याला असंच बोलावतात.

मग कंपनीचं पत्र मोबाईलवर आलं. दमट व खाऱ्या वातावरणाशी संपर्क आल्यामुळे वॉरंटी लागू नाही. मी आकांडतांडव केलं. म्हटलं, अख्ख्या किनाऱ्यावर तुमची दुकानं आहेत, विकताना खारी हवा आठवली नाही का रे? काकू मात्र शांत. लग्नाकार्याला नेसायची साडी काढली, पिशवीत सोललेले नारळ भरले, लॅपटॉप माझ्या हातात दिला. कुणाच्या दारी रिकाम्या हाताने जायचं नाही, मग भांडायला का जाईना! फाटकाशी रिक्षावाला थांबलेलाच होता. "काकू, खय लग्न हाय?"

"लग्न नाही रे, वाजवायला चाललोय. अलिबाग स्टँडला सोड."

पनवेलच्या त्या सेंटरात एसी होता, काचा होत्या आणि रांग होती. रांगेतला प्रत्येक जण छातीशी लॅपटॉप धरून, दवाखान्यात मूल आणल्यासारखा. काकूंनी बसल्याबसल्या सगळ्यांना गाव विचारून घेतलं. आमचा नंबर आला. समोर गळ्यात पट्टा घातलेला तरुण मॅनेजर.

"गाव कोणतं रे बाळा?"

"लातूर."

"असू दे हो," काकू कनवाळूपणे म्हणाल्या, "तुझा काय दोष. आता हे बघ, आमचा लॅपटॉप कुजका निघालाय. दुसरा दे, नाहीतर नीट करून दे."

त्याने पडद्यावर काहीतरी काढलं. "काकू, ही तक्रार तर क्लोज केलीय. आम्ही काही करू शकत नाही. कस्टमरने स्वतः सांगितलंय."

"काय सांगितलंय?" मी उसळले.

त्याने मोठ्याने वाचून दाखवलं. ग्राहकाच्या सांगण्यानुसार घर समुद्राला लागून आहे. भरतीच्या वेळी लाट ओटीवर येते. लॅपटॉप ओटीवर, लाटेच्या बाजूला ठेवून वापरला जातो.

अख्खी रांग आमच्याकडे बघायला लागली. कोणीतरी मागे फिस्सकन हसलं. मी संतापले. कंपनीवर नाही, खरं सांगते, त्या क्षणी काकूंवर. माझ्या पाटल्या, माझी शाळा, माझं सगळं या बाईच्या एका फुशारकीने पाण्यात गेलं होतं. आणि पाणी तरी कुठे होतं मेलं! मी वळून बघितलं तर काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. त्यांना गप्प बसलेलं मी तोवर बघितलं नव्हतं. माझा राग तिथेच विरघळला.

मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "काकू, सांगा, मी असं बोललेच नाही. त्या फोनवरच्या पोराला मराठी कुठे कळतंय?"

काकूंनी मान हलवली. "बोलले ते बोलले."

मग त्या खुर्चीवरून उठल्या. काउंटरकडे नाही, रांगेकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि वाडीत हाक मारतात त्या आवाजात बोलल्या.

"ऐका हो सगळे. माझ्या घरातून समुद्र दिसत नाही. लाट ओटीवर येत नाही. कधीच आली नाही. मी देशावरची, दुष्काळातल्या गावची. मला स्थळ सांगून आलं ते समुद्राकाठचं म्हणून. आल्ये, बघत्ये, तर समुद्राचा पत्ता नाही! पण माहेरी सगळ्यांनी किती कौतुकाने पाठवलेलं. आई विचारायची, समुद्र कसा आहे गं? मी म्हटलं, लाट ओटीवर येते. तिला इतका आनंद झाला, की पुढे मला ते मागे घेता येईना. तेव्हापासून आजपर्यंत तेच सांगत आल्ये. आज तुमच्यासमोर परत घेत्ये. माझं बोलणं कुजकं होतं."

काकू मॅनेजरकडे वळल्या.

"माझा माल मी परत घेतला. आता तुमच्या मालाचं बोला. हा आतून खराब झालाय खाऱ्या हवेने, असं लिहिलंत. उघडून बघितलंत?"

"नाही, म्हणजे… नोट होती, त्यामुळे गरज…"

"अरे, न फोडता नारळ कुजका म्हणतोस? फोड आधी! इथे, सगळ्यांसमोर."

"बरोबर बोलतायत मावशी," रांगेतला एक रसायनीचा गृहस्थ म्हणाला. "माझाही न उघडताच परत दिला यांनी." मग दुसरा बोलला, तिसरी बोलली. मॅनेजरने इकडेतिकडे पाहिलं आणि आतून कारागिराला बोलावलं. त्याने काउंटरवरच स्क्रू काढले, झाकण उचललं, विजेरी मारून बघितलं. काकू टाचा उंचावून बघत होत्या. मी देवाचं नाव घेत होते.

"सर, क्लीन आहे," कारागीर म्हणाला. "गंज नाही, मीठ नाही, काही नाही. ही पडद्याची वायर बिजागरीत चेमटलीय. बसवतानाच चुकीची बसवलीय, कारखान्यातनं."

रांगेने चक्क टाळ्या वाजवल्या. मॅनेजर कानाच्या पाळीपर्यंत लाल. तक्रार पुन्हा उघडली गेली, वॉरंटीत काम धरलं गेलं. "पार्ट यायला वेळ लागेल हं काकू." काकूंनी पिशवीतले नारळ काउंटरवर मांडले. "लागू दे. हे घे. आणि रेवदंड्याला ये एकदा. समुद्र लांब आहे, पण चालत जाऊ."

एसटीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. वडखळ मागे पडलं तेव्हा हळूच म्हणाल्या, "आता पाटीचं काय करू गं?" मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. मी त्यांचा हात धरला तो अलिबाग येईपर्यंत सोडला नाही. आयुष्यभर जपलेली एवढी एकच शेखी होती बाईकडे. ती तिने माझ्यासाठी परक्या लोकांत ओतून टाकली. मला आजवर पुष्कळ माणसांनी आपलं म्हटलं, पण माझ्यासाठी स्वतःचा मोठेपणा कोणी मोडला नव्हता. त्या दिवशी एसटीत मी मनाशी म्हटलं, मी या बाईची भाडेकरू आहे, हे मी मिरवीन.

पाटीवाल्याला त्यांनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं. 'सागर दर्शन' पुसू दिलं नाही, त्याखाली नव्या रंगात लिहून घेतलं, 'चालत गेल्यास.' आणि पार्ट येईपर्यंत रोज सकाळी पनवेलला फोन. "लातूरकर, जेवलास का? आला का रे आमचा पार्ट?" तो बिचारा शेवटी शेवटी स्वतःच फोन करून आज जेवल्याचं कळवायचा. दिवाळीच्या तोंडावर लॅपटॉप आला. पडदा लख्ख. सिडनीच्या चिमुरडीच्या आईला मी सगळी हकिगत कळवली. पोर परत आली.

दादाला यातलं काही माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं, उगाच त्याला आशाही नको आणि घोरही नको. मी काही कळवलं नाही म्हणजे जमलं नाही, असं धरून तो आपला ठरल्या बोलीप्रमाणे दुकानाचा टेम्पो घेऊन आला, माझं सामान न्यायला. मी ओटीवर वर्ग घेत होते, उठता येईना. फाटकात उभा राहून त्याने पाटी वाचली, पुन्हा वाचली.

"काकू, समुद्र दिसत नाही इथून?"

काकू विहिरीवरून हात पुसत आल्या. मी कान टवकारले. जुनी सवय, जाते थोडीच?

"नाही दिसत," काकू म्हणाल्या. "इथून समुद्र दिसत नाही. पण समुद्रापलीकडून आमची ओटी दिसते. ती बघा."

दादाने बघितलं. पडद्यावर पोरांची तोंडं, आणि सिडनीची ती चिमुरडी डोळे मिटून, जीव एकवटून म्हणत होती, "बाळ." मी म्हटलं, "शाब्बास!" काकूंनी खालून टाळी वाजवली. दादा पायरीवर टेकला. वर्ग संपेपर्यंत तसाच बसून होता. मधे एकदा रुमालाने चष्मा पुसला. सामानाचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

निघताना काकूंनी टेम्पोत नारळाची गोण चढवायला लावली. दादा नको नको म्हणत होता.

"न्या हो, वहिनींना द्या. एखादा कुजका निघाला तर परत आणा, बदलून देईन," काकू म्हणाल्या आणि फाटक लावून घेता घेता पुढे बोलल्या, "बहीण मात्र परत मागायला येऊ नका. ती चांगली निघाल्ये."